ठेवीवरच्या गाठी

गाडीचा पारखी अकराला येणार होता, म्हणून बाबांनी सगळं घर सहाला उठवलं.

"कालच तर धुतली," धाकटी डोळे न उघडता म्हणाली. "परत काय धुवायचं?"

"धूळ बसते."

"गॅरेजमध्ये? तीन पदरी कव्हरखाली?"

"धूळ कुठेही बसते. ऊठ."

बाबांशी वाद घालण्यात काही अर्थ नाही हे या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरीही प्रत्येक जण रोज नव्या उमेदीने वाद घालत असे. विषय बहुतेक वेळा एकच असायचा. ती हिरवी, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार.

आजोबांचं चष्म्याचं दुकान बंद झालं तेव्हा दोन्ही भावांच्या वाट्याला थोडंफार आलं होतं. काकांनी शहाण्यासारखा गाळा घेतला. बाबा मात्र ही गाडी घेऊन दारात उभे राहिले. आईने विचारलं, "हे काय?" तेव्हा बाबा म्हणाले, "गाडी समजू नकोस. ठेव आहे ही." त्या दिवसापासून तिचं नावच ठेव पडलं. रस्त्याच्या बाजूला रुंद दार असलेली खोली आईने शिवणकामासाठी धरून ठेवली होती, तिथे ठेव जाऊन बसली. "चार-पाच वर्षांचा प्रश्न आहे," बाबा म्हणाले होते. "किंमत वाढली की विकून टाकू. मग खोली तुझीच."

त्या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली होती.

दुकानाबरोबर आजोबांचा लांबलचक काउंटरही घरी आला होता. आईने त्याचे पाय कमी करून कापड बेतायचं टेबल करून घेतलं होतं. पण ते मांडायला जागाच नव्हती. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामधल्या बोळात ते उभं करून ठेवलं होतं, आणि त्याला टेकूनच आईचं मशीन होतं. कापड ती फरशीवर पसरून, गुडघे टेकून कापायची. आता त्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाली बसायचं काम बंद. आई म्हणाली होती, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फरशीवर बसली होती, कारण दुसरीकडे बसणार कुठे?

म्हणून आज सकाळी सगळ्यांत आधी आंघोळ आटोपून आई तयार होती. मोजमापाची टेप गळ्यात होतीच. गाडी धुवायला बाहेर काढली तेवढ्या वेळात तिने रिकाम्या गॅरेजची लांबी-रुंदी घेतली आणि खडूने फरशीवर टेबलाची चौकट आखून ठेवली. बाबांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यांना ठेव विकायची होती की नाही, हे खरं तर त्यांनाच नीट ठरवता येत नव्हतं.

"ढकला," ते म्हणाले. "हळू. समान जोर लावा."

गाडी या घरात कायम ढकललीच जायची. दर रविवारी चौघांनी मिळून ती बाहेर काढायची, धुवायची, पुसायची आणि पुन्हा आत लोटायची. बाबा खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरत, आत बसत नसत, कारण बसल्याने कातडं झिजतं. पुढे ढकलली की मीटरचा आकडा किंचित सरकायचा, मागे लोटली की तितकाच परत यायचा. बाबांना या हिशेबाचा फार अभिमान होता.

*

सून बस चालवत असे. शहरातली सतरा नंबरची, जिच्या वाटेवर सर्वांत जास्त वळणं. आज तिची सुटी होती. सासऱ्यांनी तिला ओला फडका पिळायचं काम दिलं होतं. सहा वर्षं झाली लग्नाला. या घरात गाडी चालवून पोट भरणारं तेवढं एकच माणूस, आणि त्याच्याकडे फडका. पहिल्या रविवारी तिने सहज दाराच्या मुठीला हात लावला तेव्हा सासरे धावत आले होते. तिने तेव्हाच ठरवलं, आपण आपली सतरा नंबर बरी.

पारखी ठरल्यावेळी आला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. जुन्या गाड्या जमवणाऱ्या कुणा बड्या माणसाने त्याला पाठवलं होतं. हातमोजे घालून तो आधी गाडीभोवती दोनदा फिरला, मग चटई पसरून तिच्याखाली शिरला. त्याचे फक्त बूट बाहेर दिसत होते, आणि अख्खं घर त्या बुटांकडे बघत उभं होतं.

"आजच विकून मोकळे व्हा, बाबा," थोरला हलक्या आवाजात म्हणाला. तो विम्याच्या कंपनीत होता आणि कुठल्याही वस्तूकडे ती उद्या जळणार आहे अशाच नजरेने बघायचा. "सध्या मागणी आहे. पुढचं कुणी सांगितलंय?"

"विकायची कशाला पण?" धाकटी म्हणाली. ती दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घडवायची. "लोकांचे दात बनवून बनवून माझे डोळे गेले. एखादी वस्तू असावी ना घरात मजेसाठी. चालवू या तिला. फिरू या."

"मजा!" बाबा म्हणाले. "मजा संध्याकाळपर्यंत संपते. वस्तू राहते."

"राहून काय करते? आपल्याला ढकलायला लावते."

"तुम्ही दोघं गप्प बसा," आई म्हणाली. "त्यांना काम करू द्या."

पारखी बाहेर आला, हात झटकले, दार उघडून आत वाकला. पेडल पाहिले, गिअरची मूठ पाहिली, मीटरवरचा आकडा वहीत लिहिला. तीन हजार नऊशे अठरा, विकत घेतली त्या दिवशी होता तेवढाच. मग त्याने विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

"कोणीच नाही," चार आवाज एकदम आले.

सुनेचा आवाज त्यात नव्हता. ती फडका पिळत राहिली.

"महिन्यातून एकदा वीस मिनिटं चालू करतो," बाबा म्हणाले. "जागेवरच. इंजिन आखडू नये म्हणून."

"जागेवर चालू केल्याने क्लचच्या पेडलचं रबर झिजत नाही," पारखी म्हणाला. "हे गुळगुळीत झालंय. ब्रेकचे पॅड कंपनीचे नाहीत, बदललेले आहेत. आणि हे बघा." त्याने मीटरच्या मागे हात घातला. "ही मीटरची केबल. हा नट बोटांनी काढला की गाडी चालते, आकडा चालत नाही. याचे आटे पार गेलेत. एक-दोनदा काढून आटे जात नाहीत. शेकडो वेळा काढलाय कुणीतरी."

बाबांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने बाबांकडे पाहिलं. आई तिघांकडे पाहत होती.

"निदान चाळीस हजार किलोमीटर झालेत," पारखी म्हणाला.

*

थोरल्याला तो नट आठवला. एकोणीस वर्षांचा असताना, आईबाबा लग्नाला गेले होते त्या दिवशी, त्याने मीटरमागे बोटं घातली होती आणि नट लगेच हातात आला होता. आपण किती हुशार, असं वाटून तो तासभर हवेत होता. नट आधीच सैल का होता हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. आज आलं, आणि तो भलताच चिडला.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही?"

"मी काय मी? तू?"

"मी दोन-चार वेळा. कॉलेजात असताना."

"फक्त कॉलेजात?" त्याच्या बायकोने फडका झटकत विचारलं.

"नंतरही. कधीमधी." थोरल्याने आवाज चढवला. "पण मी दर वेळी पेट्रोल भरून ठेवायचो हां! काटा होता तिथे आणून."

"तरीच!" धाकटी ओरडली. "मला वाटायचं काटाच बिघडलाय. मी पहाटे पहाटे फिरवून आणायची, तरी टाकी भरलेली ती भरलेलीच. मीही वर थोडं टाकून ठेवायची."

"आणि मी समजत होतो," बाबा हळूच म्हणाले, "की फारच कमी पितेय."

पारख्याला हसू आलं, पण ते त्याने वहीत घातलं. वर्षानुवर्षं तिघांनी एकमेकांच्या चोरीवर पांघरूण घातलं होतं, तेही नकळत आणि स्वतःच्या खर्चाने. ब्रेकचे पॅड बाबांनी दोनदा बदलले होते आणि थोरल्याने एकदा. एका आरशाला पडलेला तडा बाबांनी धाकटीच्या आधी पाहिला होता, आणि आपल्याच हातून झाला असणार असं समजून गुपचूप आरसा बदलून टाकला होता. आता तिघांचं भांडण जुंपलं. तडा कोणाचा, पॅड कोणाचे, आणि मुळात पहिल्यांदा नट कोणी काढला?

"मी मालक आहे!" बाबा म्हणाले. "मी माझ्या गाडीतून जाणार नाही तर कोणाच्या?"

"मग आम्हाला दर रविवारी ढकलायला का लावायचात?"

"आकडा वाढू नये म्हणून!"

हे म्हणून झाल्यावर बाबांनी स्वतःच मीटरकडे पाहिलं. 

आई मधेच आत गेली होती. ती परतली तेव्हा तिच्या हातात कव्हर होतं. बाहेरून जाड कापड, आतून मऊ फलालीन, मधे अस्तर. सातवं कव्हर. पहिली सहा विरली तशी तिने नवी शिवली होती, बाजूंना बांधायच्या सहा नाड्यांसकट. तिने ते गाडीच्या नाकावर टाकलं आणि एक नाडी हातात घेतली.

"मी बांधली की साधी सुरगाठ असते," ती म्हणाली. "पण सोडायला जाते तेव्हा कधी बुटाच्या नाडीसारखं फूल असतं. ते थोरल्याचं. कधी दोन वेढे देऊन टोक आत खोचलेलं. ते तुमचं, चष्म्याच्या पेटीला बांधायचात तसं. आणि कधी अशी निरगाठ की सोडवायला मला सुई घ्यावी लागते."

धाकटीने मान खाली घातली.

"म्हणजे तुला माहीत होतं?" थोरला म्हणाला.

"तुम्ही कव्हर उघडता हे माहीत होतं. मला वाटायचं, माझ्यामागे येऊन तिला नुसतं बघून जाता. काच पुसता, टायरवर हात फिरवता." आईचा आवाज अजून साधाच होता. "बरं वाटायचं मला. म्हणायची, तिघंही जपतात. मग मीही जपायची."

ती सुनेकडे वळली. "तुला माहीत होतं?"

सुनेने फडका बादलीत सोडला. "ब्रेकच्या चकत्या चमकत होत्या, आई. उभ्या गाडीच्या गंजतात."

"मग बोलली का नाहीस?"

"नवी होते."

"सहा वर्षं झाली."

"नंतर सवय झाली," सून म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण या बाईशी नको वाटलं.

*

पारख्याने वही मिटली. त्याच्या साहेबांना न चाललेली गाडी हवी होती, चाललेल्या त्यांच्याकडे पुष्कळ होत्या. "वाईट वाटून घेऊ नका," तो बाबांना म्हणाला. "गाडी उत्तम आहे. नुसती उभी ठेवली असती तर इंजिनातले सगळे रबरी सील वाळून गेले असते. चालवलीत म्हणून जगली."

"बघ!" बाबा आईला म्हणाले. "ऐकलंस?"

"पण तुम्ही विकताय न चाललेली म्हणून," पारखी म्हणाला आणि चटई गुंडाळून निघून गेला.

तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बाबा फाटकाशी उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं. ठेव कुठे जात नव्हती. या सुटकेची त्यांना जरा लाजही वाटली, आणि ती झटकायला ते भराभर बोलू लागले. "बिघडलं काय त्यात? हा नाही तर दुसरा येईल. अजून दोन-तीन वर्षं थांबू. जसजशी जुनी होईल तसा भाव..."

"बाबा, पुरे!" मुलं एकदम म्हणाली. सकाळपासून दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती.

"कुठे जायचात?" आईने विचारलं.

"कुठे म्हणजे? लांब नाही. नदीवरच्या पुलापर्यंत. कधी पलीकडच्या टेकडीपर्यंत. बुधवारी जायचो, तू नसायचीस तेव्हा. मलाही सुटी असायची."

"बुधवारी मी शिवलेले कपडे पोचवायला जाते. दोन पिशव्या घेऊन. बस बदलून."

 एका बुधवारी पुलावरून परतताना बाबांनी तिला बसच्या थांब्यावर पाहिलं होतं. दोन्ही पिशव्या पायांशी होत्या, आणि ती गुडघा चोळत उभी होती. त्यांनी गाडी हळूही केली होती. मग पकडले जाऊ म्हणून पुढे दामटली होती. ते आठवून त्यांच्या कानशिलांत आता ऊन साठल्यासारखं झालं.

"तिला दोन सीट आहेत," आई म्हणाली. "दुसऱ्या सीटवर काय असायचं?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कव्हर," ते म्हणाले. "घडी करून ठेवायचो."

 आई एकदाही त्या गाडीत बसली नव्हती. सीटवरच्या चादरीचं मापही तिने बाहेरून वाकून घेतलं होतं.

"सव्वीस वर्षं," आई म्हणाली आणि आता मात्र तिचा आवाज फाटला. "सव्वीस वर्षं मी फरशीवर बसून कापड कापलं. का, तर ठेवीला हात लावायचा नाही! मजा करायची होती तर करायची होती, मी नको म्हटलं असतं? मला सांगायचं. मी आले असते!"

 तिला राग गाडी चालवल्याचा आलेला नव्हता, हे बाबांना आत्ता कळलं, आणि आधी कळलं असतं तर बरं झालं असतं असं वाटण्याइतके ते अजून शहाणे होते.

"किल्ली," आईने हात पुढे केला.

"अगं, तुला कुठे येते..."

"किल्ली द्या."

बाबांनी ती दिली. आईने ती सुनेच्या ओल्या हातात ठेवली. "सुटी आहे ना तुला आज?"

"आहे."

"चल मग."

"अगं, ती बस चालवते!" बाबांना राहवेना. "ही गाडी म्हणजे बस नाही!"

"नाहीच ना, बाबा," सून म्हणाली. "बसमध्ये पन्नास माणसं सांभाळते मी. हिच्यात एकच आहे."

"आधी ती केबल लाव," आई म्हणाली.

सुनेने वाकून नट फिरवला. तो नुसताच फिरत राहिला, धरेना. "आटेच नाहीत, आई."

आईने गळ्यातली टेप बाजूला सारली, पदराच्या कोपऱ्यात टोचलेल्या सुईतला मेण लावलेला दोरा काढला, दाताने तोडला. "हा गुंडाळ आट्यांवर. नळाला गुंडाळतात तसा. मग धरेल."

दोरा गुंडाळल्यावर नट धरला.

"आणि तुम्ही तिघं," आई मागे वळून म्हणाली, "ते टेबल आत न्या. खडूने आखलंय, त्याच्यावर बरोबर बसलं पाहिजे. मशीन खिडकीशी. गाडी आता बाहेर उभी राहील. आठवं कव्हर मी शिवणार नाही, ताडपत्री आणा."

"उन्हात?" बाबांनी विचारलं.

"उन्हात," आई म्हणाली.

*

गाडी फारच बुटकी होती. आत शिरताना गुडघ्यांनी कुरकुर केली, पण एकदा पाय लांब केले आणि आईला कळलं की या गाडीत पाय सरळ पसरून बसता येतं. सव्वीस वर्षं ही इतकी चांगली बैठक चार पावलांवर होती. तिला हसावं की कोणाला तरी चिमटा काढावा, हे कळेना.

सुनेने गाडी सुरू केली. आवाज पोटात गेला. रस्त्याला लागताना आईने आरशात मागे पाहिलं. बोळाच्या दारात बाबा, थोरला आणि धाकटी टेबलाला तीन बाजूंनी धरून उभे होते आणि तिघंही एकाच वेळी एकमेकांना सूचना देत होते. टेबल दारात अडकलं होतं. ते आडवं जात नाही, आधी उभं करून मग तिरकं फिरवावं लागतं. हे फक्त आईला माहीत होतं, कारण दर वेळी भिंतीला रंग देताना ते तिने एकटीनेच हलवलं होतं.

"थांबू का?" सुनेने विचारलं. "सांगायचंय का त्यांना काही?"

"नको."

वळण आलं. सुनेने ते असं घेतलं की आईला कुठेही धरावं लागलं नाही. बसचा थांबा मागे गेला. मीटरवरचा अठरातला आठ हळूहळू वर सरकत होता, आणि खालून नऊचं डोकं दिसू लागलं होतं. आई ते टक लावून बघत राहिली. नऊ पूर्ण आला तेव्हा तिने मांडीवर पडलेली टेप नीट गुंडाळली.

"आई, जायचं कुठवर?"

"टेबल आत जाईपर्यंत."

"ते तिघं मिळून करतायत," सून म्हणाली. "संध्याकाळ होईल."

"होऊ दे," आई म्हणाली आणि काच खाली केली.